खानदेशातील धाब्याच्या घरांचे नूतनीकरण व विस्तार : रचना, माती आणि मालकी

प्रास्ताविक

तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील गावांत आणि जळगाव, धुळे यांसारख्या शहरांच्या जुन्या वस्तीत आजही धाब्याची घरे उभी आहेत. त्यांपैकी काहींत माणसे राहतात, काहींना कुलूप आहे, तर काहींचा पुढचा ओटा तेवढा शाबूत असून मागील खण कोसळलेले आहेत. अशा घराचा वारसा लाभलेल्या कुटुंबापुढे साधारणतः तीन मार्ग असतात. घर पाडून त्या जागी स्लॅबचे घर बांधणे, जुने घर तसेच सोडून गावाबाहेरील कॉलनीत प्लॉट घेणे, अथवा जुन्या घराची दुरुस्ती करून त्याला नवा भाग जोडणे. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त समजला जातो, आणि बहुधा त्यामुळेच तो सर्वाधिक घाईने अनुसरला जातो. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या मार्गाचा विचार केला आहे. जुने घर कोणत्या तत्त्वावर उभे आहे हे समजून न घेता त्यावर नवे बांधकाम लादल्यास जुनेही टिकत नाही आणि नवेही टिकत नाही, हे येथे मांडावयाचे आहे.

जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे घर स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे. तेथे जतन करणे हेच उद्दिष्ट असल्याने प्रश्न सोपा आहे. ज्या घरात फ्रीज ठेवावयाचा आहे, वृद्ध आईसाठी शौचालय आत आणावयाचे आहे आणि दहावीच्या मुलीला अभ्यासाची खोली द्यावयाची आहे, त्या घराचा प्रश्न वेगळा व अधिक कठीण आहे.

धाब्याची रचना

धाब्याच्या चांगल्या घराचे छत भिंतींवर नव्हे, तर लाकडी खांबांवर पेललेले असते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. दगडी जोत्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ टाकलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या व पाल्याचा थर, त्यावर चिखल आणि पांढरी माती, असा हा क्रम असतो. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. घराचे मोजमापही तीन खणी, पाच खणी असे याच एककात सांगितले जाई. माती अथवा कच्च्या विटांच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती या चौकटीभोवतीचे आच्छादन असतात. गरीब घरांत मात्र लाकूड वाचविण्यासाठी भिंतीलगतचे खांब वगळून कड्या थेट भिंतीत रोवलेल्या दिसतात. आपले घर या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचे आहे, यावर पुढील सर्व निर्णय अवलंबून असतात. आणि नेमका हाच प्रश्न बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

धाब्याच्या सर्वांत वरच्या थराला खाऱ्या मातीचे आवरण असते. सोडियमचे प्रमाण अधिक असलेली ही चिकणमाती पाण्याचा स्पर्श होताच फुगते, तिचे सूक्ष्म कण विखुरतात व मातीतील छिद्रे बुजवून टाकतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने जो दोष, म्हणजे पाणी न मुरणे, तोच छपरावर गुण ठरतो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ही माती धाब्यावर पसरून चोपली जाई आणि पाणी पन्हाळ्यांतून बाहेर काढले जाई. खानदेशातील बेताच्या पावसाला ही व्यवस्था पुरेशी होती.

उष्म्याच्या दृष्टीनेही या रचनेला अर्थ आहे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. फूटभर मातीच्या छपरातून दुपारची उष्णता आत पोहोचण्यास अनेक तास लागतात. ती पोहोचते तेव्हा रात्र झालेली असते आणि घरातील माणसे धाब्यावर झोपावयास गेलेली असतात. धाबे हे अशा रीतीने छप्परही होते आणि उन्हाळ्यातील शयनगृहही. पापड, कुरडया, मिरच्या यांच्या वाळवणाची जागाही तीच. आधुनिक आराखड्यात या जागेला खोली म्हणून गणले जात नाही, परंतु ती काढून घेतल्यावर तिची उणीव प्रथम घरातील स्त्रियांना जाणवते.

घर खालावते ते कसे

मातीचे घर वयाने मरत नाही, पाण्याने मरते. घरातील तरुण नोकरी-धंद्यासाठी नाशिक, पुणे किंवा सुरतेस गेले, मागे राहिलेल्या वृद्धांना धाब्यावर चढणे जमेनासे झाले, म्हणजे एक-दोन वर्षे खारी माती पडत नाही. पाणी कडीच्या टोकाशी, जेथे ती भिंतीत शिरते तेथे, मुरते. ओले लाकूड प्रथम कुजते व मग त्याला वाळवी लागते. बाहेरून घर ठीक दिसत असतानाच कडीचे टोक भुसभुशीत झालेले असते.

दुसरे कारण खालून येते. गल्लीतील रस्त्याचे काँक्रिटीकरण करताना जुना थर न खोदता त्यावरच नवा थर टाकला जातो, अशी पद्धत अनेक ठिकाणी दिसते. दोन-तीन वेळा असे झाले की एके काळी रस्त्यापेक्षा दोन हात उंच असलेले जोते रस्त्याच्या पातळीला येते व पावसाचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचते. ओल भिंतीत वर चढते, तिच्यासोबत क्षार चढतात आणि भिंतीला लोणा लागतो.

येथे सर्वसाधारणपणे केला जाणारा उपाय म्हणजे सिमेंटचा गिलावा. दिसावयास भिंत नवी होते. परंतु मातीच्या भिंतीतील ओल पूर्वी जी हवेत निघून जात असे, ती आता सिमेंटच्या कवचामागे अडकते. माती आणि सिमेंट उष्णतेने व ओलीने सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत. काही वर्षांत गिलाव्याचे मोठे पोपडे भिंतीपासून सुटतात आणि मागील माती लगद्यासारखी झालेली आढळते. मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा गिलावा व वर चुन्याची सफेदी हेच योग्य. भिंतीच्या पायथ्याशी पाणी वाहून जाईल असा उतार व गटार करणे यास खर्च अल्प लागतो, पण ते काम दिसत नसल्यामुळे टाळले जाते. नूतनीकरणाचा पहिला रुपया येथेच खर्च व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. टाइल्स, रंग व खिडक्यांचे काम त्यानंतरचे.

स्लॅबचा हिशेब

'मातीच्या घराला स्लॅबचे वजन पेलत नाही' असे सर्रास म्हटले जाते. हे विधान जसे केले जाते तसे बरोबर नाही. ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद अशी खोली घेऊ. एक फूट जाडीच्या कोरड्या मातीच्या धाब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो, म्हणजे त्या खोलीवर सहा टन भरते. दरवर्षी नवी माती पडत गेल्याने अनेक जुन्या धाब्यांची जाडी दीड फुटापर्यंत वाढलेली असते. तेव्हा हे वजन नऊ टनांवर जाते, आणि पावसात भिजल्यावर आणखी वाढते. याउलट १२ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला ३०० किलो, म्हणजे एकूण साडेतीन टनांच्या आसपास असते. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा धरला तरी ते जुन्या धाब्याइतकेच होते.

मग स्लॅब टाकल्यावर भिंती का फाटतात? उत्तर वजनात नसून वजनाच्या वाटेत आहे. धाब्याचा भार तुळई व खांबांवाटे जोत्यावर उतरत होता. स्लॅब टाकताना गवंडी खांब व तुळया काढून टाकतो (सागाला भाव चांगला येतो, हेही एक कारण) आणि सगळा भार कधीच भार न पेललेल्या भिंतीवर ठेवतो. त्यातच काही वर्षांनी वर मजला चढतो. त्याच खोलीवर नऊ इंची विटांच्या भिंतींचा एक मजला उभारला, तर दारे-खिडक्या वजा जाऊनही केवळ भिंतींचेच वजन पंधरा टनांच्या पुढे जाते आणि त्यावर पुन्हा दुसरा स्लॅब असतो. धोका पहिल्या स्लॅबमध्ये कमी आणि त्यानंतरच्या मजल्यात अधिक आहे.

याचा अर्थ जड धाबे निर्धोक आहे असा मात्र नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावांत जी जीवितहानी झाली, तीत मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची अवजड छपरे यांचा वाटा मोठा होता. त्याच वेळी जेथे लाकडी खांब-तुळयांची चौकट चांगली जोडलेली होती, तेथे भिंती ढासळूनही छप्पर खांबांवर तग धरून राहिल्याचे पाहणीत आढळले. खानदेशात असे काही घडणार नाही, हा समज निराधार आहे. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६ पेक्षा अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता, आणि २००२ सालच्या भारतीय मानकातील नकाशात जळगाव व धुळे हे जिल्हे तिसऱ्या भूकंपक्षेत्रात दाखविले आहेत.

किल्लारीचा अनुभव आपल्या घराला सरळ लागू करता येतो. धाब्यावरील जादा माती उतरवून जाडी आठ-नऊ इंचांवर आणणे, खांब व तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या ठोकून चौकट ताठ करणे, दगडी भिंत असल्यास तिचे आतले व बाहेरचे पदर एकमेकांस बांधणारे आरपार दगड बसविणे, ही कामे गावातील सुतार व गवंडी करू शकतात. भारतीय मानक ब्युरोने १९९३ सालीच मातीच्या इमारती व जुन्या इमारतींचे बळकटीकरण यांविषयी स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली आहेत. त्यांची माहिती गावपातळीवर पोहोचविण्याचे काम आपल्या महाविद्यालयांच्या विस्तारसेवेत सहज बसणारे आहे.

पांढरीवरचा पाया

मराठीत गावठाणाला 'पांढरी' व शेतजमिनीला 'काळी' म्हणतात. विस्तार करताना हे दोन शब्द केवळ भाषेपुरते राहत नाहीत. जुन्या गावाखालची पांढरी ही शतकानुशतकांच्या पडलेल्या घरांची, राखेची व केरकचऱ्याची भर असते. चाळीसगाव तालुक्यातील बहाळ येथे १९५० च्या दशकात झालेल्या उत्खननाने एका गावाखाली वस्तीचे किती थर असू शकतात हे दाखवून दिले. अशी जमीन भुसभुशीत असते. शिवाय तिच्यात धान्य साठविण्याची बुजलेली पेवे असण्याचा संभव असतो. परसात पाया खोदताना पेव लागले व ते वरवर मुरुमाने बुजविले, तर नव्या खांबाचा एक कोपरा तेथे बसतो. घरातील वृद्धांना पेव कोठे होते हे बहुधा आठवत असते. खोदण्यापूर्वी त्यांना विचारणे हा सर्वांत स्वस्त भूपरीक्षणाचा प्रकार होय.

गावाबाहेरच्या प्लॉटवर अथवा गावठाणाच्या कडेला काळी माती लागते. ही माती पावसात फुगते व उन्हाळ्यात तडकते. हा फेर जमिनीखाली सुमारे साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवू शकतो. मुरूम किंवा खडक वर असल्यास पाया तेथपर्यंत नेणे उत्तम. काळ्या मातीचा थर खोल असल्यास रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे पाइल उपयोगी पडतात.

जुन्या भागाला नवा भाग चिकटवून बांधणे ही आणखी एक सार्वत्रिक चूक. जुने घर गेल्या पन्नास-शंभर वर्षांत जेवढे बसावयाचे तेवढे बसलेले असते. नवे घर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत बसते. दोन्ही एकाच भिंतीने जोडली की सांध्यात जिन्यासारखी चढत जाणारी भेग पडते. ती बुजविली तरी पुन्हा उमटते. नव्या भागाला स्वतःचे खांब, स्वतःचा पाया व जुन्या भिंतीपासून दीड-दोन इंचांची फट द्यावी आणि फटीवर फक्त पत्र्याचे किंवा तत्सम झाकण असावे. नवा भाग जुन्याच्या शेजारी उभा राहावा, त्याच्या अंगावर टेकू नये.

नव्या गरजांची विभागणीही यातूनच सुचते. न्हाणीघर, शौचालय, पाण्याची टाकी व स्वयंपाकाचा सिंक हे सर्व नव्या भागात घ्यावे. मातीच्या भिंतीत नळ गाडणे म्हणजे तिच्या मुळाशी पाणी नेणे होय. शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी जुन्या भिंतीपासून व विहिरीपासून दूर असावी. जिनाही नव्या भागातच घेतला, तर वरचा मजला पुढे कधी वाढलाच तरी तो योग्य पायावर वाढेल. जुन्या भागात ओसरी, देवघर, झोपण्याच्या व बसण्याच्या खोल्या ठेवाव्यात. तेथील गारवा उन्हाळ्यात कोणत्याही कूलरपेक्षा भरवशाचा असतो, आणि वीज गेल्यावरही तो टिकतो. भिंतीतील एखादा बंद कोनाडा फोडून किंवा छतातील झरोका मोठा करून उजेड आणता येतो. मात्र चौकट बसविताना दारा-खिडकीवर आडवे बळकट लाकूड देणे विसरू नये.

नव्या भागाच्या विटांसाठी भुसावळजवळील दीपनगर येथील औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून तयार होणाऱ्या विटा हा एक स्थानिक पर्याय आहे. स्लॅबवर चुन्याची पांढरी सफेदी दर उन्हाळ्यापूर्वी दिल्यास खालच्या खोलीतील उष्मा निश्चित कमी होतो. हा उपाय इतका साधा आहे की अनेकांना तो करण्याजोगा वाटत नाही.

आखाजी ते मृग

खानदेशात घराचे काम काढण्याचा काळ ठरलेला आहे. कापसाचे पैसे हाती आलेले असतात, शेतीची कामे थांबलेली असतात आणि आखाजी झाली की माणसे मोकळी होतात. परंतु आखाजी ते मृग नक्षत्र यांत चार ते सात आठवडेच असतात आणि तोच वर्षातील सर्वांत कडक उन्हाचा व सर्वांत तीव्र पाणीटंचाईचा काळ असतो. काँक्रीटला हा काळ मानवत नाही. २००० सालच्या भारतीय मानकानुसार (आय. एस. ४५६) उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस, आणि आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या राखमिश्रित सिमेंटचे असल्यास १४ दिवस ओले ठेवावे लागते. टँकरने पाणी विकत घेणारे कुटुंब चार-पाच दिवसांनंतर हात आखडते, आणि त्या स्लॅबला पहिल्याच पावसात गळती लागते. मग दोष सिमेंटच्या कंपनीला दिला जातो. पाया व खांब दिवाळीनंतर घेऊन स्लॅब माघ-फाल्गुनात टाकणे अधिक श्रेयस्कर. जुन्या धाब्याचे लाकूडकाम व माती उतरविण्याचे काम मात्र उन्हाळ्यातच करावे, कारण तेव्हा ते कोरडे असते.

सह्यांचा प्रश्न

येथवरचा विचार माती-लाकडाचा झाला. प्रत्यक्षात अनेक घरे पडतात ती त्यांच्या दुरुस्तीस कोणी एकाने हात लावावयाचा नाही म्हणून. उताऱ्यावर आजोबांचे नाव असते, वारस दहा-बारा असतात, आणि ज्याने खर्च करावा त्याचा हक्क मान्य होईल याची त्याला खात्री नसते. ग्रामीण गावठाणांत २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकतपत्रिका दिल्या जात आहेत. शहरांत सिटी सर्व्हेचा उतारा व महानगरपालिकेची परवानगी आवश्यक ठरते. जळगाव व धुळे या दोन्ही नगरपालिका २००३ साली महानगरपालिका झाल्या, आणि २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीच्या भागासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. जुन्या गल्लीतील घराला कॉलनीतील प्लॉटचे नियम लागू होतील असे गृहीत धरून अनेक जण अर्जच करीत नाहीत.

यात मुलींचा प्रश्न सर्वाधिक नाजूक आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २३ व्या कलमानुसार, पुरुष वारसांनी वाटणी करण्याचे ठरविल्याशिवाय स्त्री वारसास राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हे कलम वगळले गेले आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस जन्मतः मुलाइतकाच हिस्सा मिळाला. वडील त्या तारखेस हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे बँक गृहकर्जासाठी बहिणींच्याही सह्या मागते. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीपुढे, झोका थांबतो न थांबतो तोच हक्कसोड पत्र ठेवले जाते, हे आपल्या भागात नवे नाही.

वस्तुतः दुरुस्तीसाठी हक्क सोडण्याची गरजच नसते. दुरुस्तीस व कर्जास संमती देणे आणि मिळकतीतील हिस्सा सोडणे या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी नोंदणीकृत दस्त लागतो, पहिलीसाठी नाही. कागदावर एवढे लिहिले तरी पुरे की जुना भाग सर्व वारसांचा सामाईक असून त्याच्या दुरुस्तीचा खर्च अमुक भावाने केला आहे, आणि नवा भाग अमुक रकमेने, अमुक व्यक्तीने बांधला आहे. नव्या भागाचा पाया, खांब व भिंती जुन्यापासून स्वतंत्र असल्यास हा हिशेब पावत्यांसह वेगळा ठेवणे सोपे जाते. उद्या वाटणीची वेळ आली तर कोणाची भिंत कोठे संपते हे अमीन येण्यापूर्वीच सर्वांना दिसत असते, आणि तोपर्यंत आखाजीला आलेल्या बहिणीला झोपावयास तिचे धाबे असते.